मालिकेच्या लेखनात शिरताना

मालिकेत नव्या लेखकाला पहिलं काम मिळतं ते बहुतेक वेळा संवादांचं. कथा आधीच ठरलेली असते, पटकथा दुसरं कुणी लिहीत असतं आणि संवाद लिहिणारा आजारी पडतो, सोडून जातो किंवा एकाच वेळी दोन मालिका सांभाळताना त्याची ओढाताण होते. तेवढ्या फटीतून नवा माणूस आत येतो. मीही तशीच आले. म्हणून ‘माझ्याकडे जबरदस्त कॉन्सेप्ट आहे, चॅनलमध्ये कुणाला भेटू?’ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, तुझे लिहिलेले चार सीन आहेत का? संवादांसकट?

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटक केलं ते आमच्या गावात, हे शाळेपासून ऐकत आलेलो. कॉलेजात एकांकिका लिहायला लागले. पुरुषोत्तम, फिरोदिया, आयएनटी, सवाई या स्पर्धांची नावं आमच्या तोंडी सारखी असायची. माझ्या ओळखीचे बहुतेक मालिका-लेखक एकांकिकांच्याच वाटेने आले आहेत, आणि त्याला कारण आहे. एकांकिका ठरलेल्या मिनिटांत बसवावी लागते. प्रयोग तोंडावर आलेला असताना एखादा नट परीक्षेचं कारण सांगून गळतो, मग त्याचा प्रसंग त्याच्याशिवाय लिहावा लागतो. वाक्य नटाच्या तोंडात बसत नसेल तर तालमीत तिथल्या तिथे कळतं. मालिकेला नेमकं हेच लागतं, रोज लागतं.

आणखी एक गोष्ट एकांकिकेमुळे होते. परीक्षकांमध्ये कुणीतरी मालिकांत काम करणारं असतं. एका स्पर्धेनंतर परीक्षक म्हणून आलेल्या लेखिका विंगेत आल्या आणि म्हणाल्या, “संवाद तू लिहिलेस? मुंबईला आलीस की फोन कर मला.” त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी त्यांना ताई म्हणते.

मुंबईला म्हणजे डोंबिवलीला आले. पेइंग गेस्ट म्हणून राहायचं, इंग्रजी जाहिरातींची मराठी भाषांतरं करून भाडं भरायचं आणि मधल्या वेळात अंधेरी-गोरेगावातल्या निर्मिती संस्थांच्या ऑफिसांत जायचं. ताईंना फोन केला तेव्हा त्यांच्याकडे काही नव्हतं. “आत्ता काही नाही गं. पण मराठी टायपिंग येतं ना? युनिकोडमध्ये? मग तयार राहा.” त्या वेळी मला हा प्रश्न किरकोळ वाटला होता. पुढे कळलं, रात्री दहाला निघालेलं काम सकाळी सेटवर पोचवायचं असेल तर हाताने लिहिणारा माणूस चालत नाही.

त्या मधल्या काळात मी कॉन्सेप्टही दिले. त्याची रीत सांगते, कारण बाहेरून ती दिसत नाही. चॅनल सहसा अनोळखी लेखकाकडून थेट कथा घेत नाही. चॅनल निर्मिती संस्थेशी बोलतं आणि निर्मिती संस्था आपल्या ओळखीच्या लेखकांशी. तुमची कल्पना आत जायची तर आधी एखाद्या निर्मिती संस्थेतल्या क्रिएटिव्ह माणसाला ती आवडावी लागते. दोन-तीन पानांची कॉन्सेप्ट नोट, मुख्य पात्रांची रेखाटनं, पहिल्या काही महिन्यांची कथा आणि ‘ही मालिका दीड हजार भाग कशी चालेल?’ या प्रश्नाचं उत्तर, एवढं जवळ हवं. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक नवे लेखक अडतात. ज्या गोष्टीला छान शेवट आहे ती सिनेमाची गोष्ट असते. मालिकेला न सुटणारी गाठ लागते.

कल्पना चोरीला जाईल ही भीती सगळ्यांनाच असते. अंधेरीतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे पूर्वीच्या फिल्म रायटर्स असोसिएशनमध्ये, सभासद होऊन लेखनाची ऑनलाइन नोंदणी करता येते. ती जरूर करावी. पण कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, ती तुम्ही ज्या रूपात मांडली त्याला देतो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केलं, आणि तो दावा एका नाटककारानेच लावला होता. तेव्हा ‘दोन जावांची गोष्ट’ एवढीच नोंद करून काही हाती लागत नाही. प्रसंग, पात्रं, वळणं सविस्तर लिहून नोंदवली तर त्याला काही अर्थ. कुणाला भेटून गोष्ट ऐकवली, की त्याच संध्याकाळी ‘आज आपण अमुक गोष्टीवर बोललो, सोबत नोट जोडत आहे’ असा मेल पाठवायची सवयही मी लावून घेतली आहे.

माझे कॉन्सेप्ट कुठेच गेले नाहीत. पण 2018 मध्ये सोनी मराठी सुरू झालं आणि एकदम हालचाल वाढली. नवं चॅनल आलं की जुन्या लेखकांना नव्या मालिका मिळतात आणि त्यांच्या जुन्या जागा मोकळ्या होतात. ताईंनी एक मालिका नव्याने घेतली होती. त्यांचा फोन आला: “एक ब्रेकडाउन पाठवते. त्यातला चौथा सीन लिही. सकाळी आठला हवा.”

ब्रेकडाउन म्हणजे भागातल्या प्रसंगांची थोडक्यात मांडणी. कोण, कुठे, केव्हा, काय घडतं. जाहिराती वजा जाता भाग साधारण 20-22 मिनिटांचा, त्यात सहा-सात सीन, आणि शेवटी प्रेक्षकाला उद्या परत आणणारा हुक. माझ्या वाट्याला आलेल्या सीनबद्दल एवढंच लिहिलं होतं (नावं बदलली आहेत): ‘स्वयंपाकघर. सकाळ. सुमन माहेरून आली आहे. तिच्या पाटल्या घरात नाहीत. सासू विषय टाळते. सुमनला संशय येतो.’

मी लिहिलं ते असं होतं. सुमन म्हणते, “आई, माझ्या पाटल्या कपाटात नाहीत. तुम्ही पाहिल्यात का?” सासू म्हणते, “मला काय माहीत? मी काय तुझं कपाट उघडते?” मग सुमन गप्प होते. ताईंनी वाचून फोन केला. “सुमन इतकं सरळ विचारेल का? ज्या घरात ती सासूसमोर खुर्चीवर बसत नाही, तिथे ती पाटल्यांचा हिशेब मागेल? आणि सासूचा आवाज चढला की चोरी कळलीच. मग पुढचे तीन भाग काय दाखवायचं? सासूच्या हाताला काम दे काहीतरी.”

दुसऱ्या खेपेला सासू मेथी निवडत बसली. सुमन म्हणाली, “आई, संध्याकाळी कुलकर्ण्यांकडे हळदीकुंकू आहे. पाटल्या घालू का?” सासू मान वर न करता म्हणाली, “हिरव्या बांगड्या घाल. शोभतात तुला.” आणि थोड्या वेळाने, “मेथी काय कोवळी मिळालीय बघ आज.” सुमन बघते, तर सासू पानं कचऱ्यात टाकतेय आणि काड्या पातेल्यात. संशयाचं एकही वाक्य नाही. दिग्दर्शकाने त्या पातेल्याचा क्लोज-अप घेतला आणि सीन तिथेच तोडला. ताईंचा मेसेज आला, ‘उद्यापासून रोज.’

दूरदर्शनच्या काळात हे असं नसावं. मुंबई केंद्र सुरू झालं 1972 मध्ये, पुढे मालिका आल्या त्या आठवड्यातून एकदा, पुष्कळदा 13 भागांच्या. एक लेखक सगळं लिहू शकायचा. 1999 मध्ये अल्फा मराठी (आताचं झी मराठी), 2000 मध्ये ई टीव्ही मराठी (आताचं कलर्स मराठी) आलं, हळूहळू मालिका रोजच्या झाल्या आणि लेखनाचे तीन तुकडे पडले: कथा, पटकथा, संवाद. सोमवार ते शनिवार सहा भाग, महिन्याला पंचविसेक, त्यात मध्येच एखादा तासाभराचा महाएपिसोड. एकट्या माणसाच्या आवाक्यातलं हे कामच नाही. नव्या माणसाला जागा मिळते ती या ओझ्यामुळे, हे मी कुणापासून लपवत नाही. कलागुण बघून कुणी दार उघडत नाही. काम इतकं असतं की दुसरा हात लागतोच.

रोजचा क्रम असा. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे कथा कशी सरकणार ते, चॅनल, निर्मिती संस्था आणि कथालेखक मिळून ठरवतात. पटकथाकार त्याचे भाग पाडतो. ब्रेकडाउन चॅनलच्या ईपीकडे, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरकडे जातो, तिथून बदल येतात. मग तो माझ्याकडे, आणि तो येईपर्यंत संध्याकाळ झालेली असते. रात्री लिहायचं, पहाटे पाठवायचं, सकाळच्या शिफ्टला कलाकारांच्या हातात पानं. हाताशी सात-आठ भागांची बँक, म्हणजे आधीच तयार असलेले भाग, असतील तर लेखक जेवून-खाऊन लिहितो. बँक संपली की आज लिहिलेलं आजच शूट होतं आणि परवा दिसतं. नव्या मालिका मोठ्या बँकेने सुरू होतात आणि दोन-तीन महिन्यांत बहुतेकांची बँक आटते.

मी सेटवर जायचा हट्ट धरला. लेखकाने सेटवर येऊ नये असं पुष्कळांना वाटतं, पण घोडबंदर रोडच्या त्या बंगल्यात मी कोपऱ्यात बसून जे शिकले ते घरी शिकले नसते. तिथे आजीचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री होत्या. माझी पानं हातात घेऊन त्यांनी मला बोलावलं. “बाळा, या वाक्यात मी श्वास कुठे घेऊ?” वाक्य तीन ओळींचं होतं. मी तिथेच पेनाने त्याची तीन वाक्यं केली. त्यांनी मोठ्याने म्हणून बघितलं, दुसऱ्या वाक्यातला ‘परंतु’ खोडून ‘पण’ केला आणि शॉटला गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येक सीन पाठवण्याआधी मोठ्याने वाचते. मध्यरात्री शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणींना याचा त्रास व्हायचा, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. उलट एकीने सासूची वाक्यं वाचून दाखवायला सुरुवात केली.

सेटवरून फोन येतो तो बहुधा डेटचा, म्हणजे कलाकाराने शूटिंगला दिलेल्या तारखेचा. “काकांची डेट गेली, दुपारचा सीन त्यांच्याशिवाय करून दे. अर्ध्या तासात.” कोर्टातला प्रसंग असेल तर तो फोनवरच्या बोलण्यात बसवायचा, पाऊस आला तर अंगणातलं भांडण माजघरात आणायचं. कलाकार पंधरा दिवस बाहेरगावी जाणार असेल तर पात्राला गावी पाठवायचं, आणि तेही असं की पुढे त्या गावी जाण्यातून काहीतरी निघेल. इथे मला मनापासून सांगायचं आहे: या अडचणींकडे तुच्छतेने बघणारा लेखक मालिकेत टिकत नाही, आणि टिकू नये. माझे काही सगळ्यात चांगले सीन अशा अर्ध्या तासात झाले आहेत, कारण तेव्हा नुसतं बोलणं लिहायला वेळच नसतो, पात्राला काय हवंय तेवढंच सुचतं.

मग गुरुवार. कोणती मालिका किती बघितली गेली ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात. आकडा घसरला की ऑफिसातल्या बैठकीत कुणी चहाही पीत नाही. तुम्ही चार आठवडे जपत आणलेला ट्रॅक दोन भागांत गुंडाळायला सांगतात. मी सुरुवातीला रडले आहे. पण आकडा म्हणजे नुसता आकडा नाही, एवढं मला मान्य आहे. आमच्या गल्लीतल्या बायका कुकर लावून मालिका बघत बसतात, आणि त्यांना सुमनचं वागणं पटलं नाही तर त्या चॅनल बदलतात. त्यांचं म्हणणं पोचायचा तो एक मार्ग आहे, फार ओबडधोबड असला तरी.

2020 मध्ये मार्चपासून शूटिंग बंद पडलं. जुलैत नवे भाग सुरू झाले ते वेगळ्याच अटींवर. 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला परवानगी नव्हती, लहान मुलांनाही नाही. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ज्येष्ठांवरची ती बंदी रद्द केली, पण मधल्या आठवड्यांत आमच्या आजी घरात असून दिसत नव्हत्या. “आजी झोपल्यात” हे वाक्य तरी किती वेळा लिहिणार? मग आजी मावशीकडे गेल्या आणि तिथून व्हिडिओ कॉलवर बोलू लागल्या. त्यांचं त्यांनी स्वतःच्या घरी फोनवर शूट करून पाठवलं. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा शूटिंग थांबलं तेव्हा अनेक मराठी मालिका गोव्याला, सिल्वासाला गेल्या. गोव्याला गेलेल्यांची परवानगीही मे महिन्यात रद्द झाली. अख्खं कुटुंब एकदम रिसॉर्टवर का राहतंय याची कारणं शोधत त्या दिवसांत आम्ही सगळे लेखक बसलेलो असायचो. नव्या लोकांना त्याच काळात अचानक कामं मिळाली, कारण जुन्यांपैकी कुणी आजारी होतं, कुणाच्या घरी आजारपण होतं. आनंदाने सांगावं असं त्यात काही नाही.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते, कारण नव्यांना कुणी सांगत नाही. मानधन भागामागे ठरतं आणि नव्या लेखकाला ते स्वतः विचारावं लागतं. बिल दिल्यावर पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो खरंच भरलाय का ते आयकराच्या साइटवर 26एएस या कापलेल्या कराच्या नोंदीत बघायचं. म्हणजे काम मिळालं तरी पहिले तीन महिने जगायची सोय आधीच हवी. माझी भाषांतरं मी वर्षभर सोडली नाहीत ती यामुळेच.

श्रेयाचा प्रश्न पैशांहून जास्त बोचतो. ताईंनी दुसऱ्या महिन्यापासून माझं नाव लावलं, पण पुढे एका ठिकाणी मी कित्येक भाग लिहिले आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचंच येत राहिलं. ‘बघू, पुढच्या महिन्यात लावू’ हे ऐकत राहिले. करार नव्हता, सगळं फोनवर ठरलं होतं. शेवटच्या काही भागांचे पैसेही अडले. मराठीत मालिका, नाटक, चित्रपट लिहिणाऱ्यांची मानाचि ही संघटना आहे. तिथे ओळख झालेल्या ज्येष्ठ लेखकांनी कागदपत्रं कशी जमवायची ते समजावलं: पाठवलेल्या प्रत्येक भागाचा मेल, ‘मिळाला’ असं आलेलं उत्तर, प्रसारणाची तारीख. ते सगळं तारीखवार लावून पाठवल्यावर पैसे आले. नाव लागलं नाही. ते भाग टीव्हीवर पुन्हा लागतात तेव्हा आई अजूनही नामावली शेवटपर्यंत वाचते.

तेव्हापासून करार वाचल्याशिवाय मी पहिलं पान पाठवत नाही. दर, पैसे देण्याची मुदत, श्रेय कुठे आणि कसं येणार, काम मध्येच थांबवलं तर किती दिवस आधी सांगणार, एवढं त्यात असावं. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या लेखनाच्या रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही, असं ठरलं. तरी ‘सर्व हक्क कायमचे’ अशी कलमं करारात सर्रास दिसतात. नव्या लेखकाला ती बदलून घेता येतील असं नाही, पण आपण कशावर सही करतोय ते कळलं पाहिजे.

आता माझ्याकडेही टेस्ट सीन येतात. गेल्या वर्षी उदगीरहून एका मुलीने पाठवला. ब्रेकडाउन सगळ्यांना दिला तोच होता: बाप मुलीचं लग्न मोडल्याचं तिला सांगतो. आलेल्या सीनपैकी बहुतेकांत बाप एक पानभर बोलत होता. हिच्या सीनमध्ये बाप मुलीला विचारतो, “मंडपवाल्याला दिलेले पैसे परत मिळतील का गं?” आणि मुलगी म्हणते, “आगाऊ दिलेले नाही मिळत, बाबा.” मी तो सीन त्याच दुपारी पुढे पाठवला. तिने मुंबईला यायची घाई करू नये असं मी सांगितलं. काम आता गावात बसूनही करता येतं, ब्रेकडाउन व्हॉट्सअॅपवर येतो आणि बैठक व्हिडिओ कॉलवर होते. पण महिन्यातून एकदा सेटवर ये, असंही सांगितलं. सध्या ती एका मालिकेचे आठवड्याला दोन भाग लिहिते आणि तिचं नाव लागतं. ते लागल्याशिवाय मी तिला सुरुवातच करू दिली नाही.

माझा स्वतःचा एक कॉन्सेप्ट या वर्षी पहिल्यांदा चॅनलच्या बैठकीपर्यंत गेला. त्यांनी पहिल्या तीन महिन्यांची सविस्तर कथा मागितली आहे. संवादांचं रात्रीचं काम संपलं की पहाटे ती लिहिते. दीड हजार भागांचं उत्तर माझ्याकडे या वेळी आहे.